मुहूर्ताला जिरं-गूळ, की 'शुभमंगल सावधान'?

तुळशीची लग्नं लागली की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा रंगच बदलतो. लोणची-पापडांचे प्रश्न मागे पडतात आणि सगळ्यांना लग्नाचं विचारायचं असतं. नव्या वाचकांसाठी सांगते, मी शास्त्री नाही. नागपुरात महालात आमचं मंगल कार्यालय होतं आणि 1986 ते 2017 अशी 31 वर्षं मी त्याच्या दारातल्या खुर्चीवर बसून लग्नं पाहिली. मराठी लग्नं तर झालीच. तेलुगू, सिंधी, बंगाली, बौद्ध, मारवाडी, सगळ्यांनी आमच्या मांडवात अक्षता नाहीतर फुलं टाकली. त्या पाहण्यातून जे उमगलं, तेवढंच इथे लिहिते.

माझ्या मुलाचं लग्न विजयवाड्याच्या मुलीशी ठरलं आहे. साक्षगंध झालं, लग्नही नागपुरातच आहे. पण त्यांच्या पंतुलूंनी, म्हणजे तिकडच्या गुरुजींनी, मुहूर्त काढला तो रात्री 1 वाजून 40 मिनिटांचा. शिवाय त्या वेळी मंगलाष्टकं नाहीत, एकमेकांच्या डोक्यावर जिरं-गूळ ठेवायचा म्हणतात. मग लग्न लागलं केव्हा म्हणायचं? माझ्या सासूबाई 84 वर्षांच्या आहेत. त्या म्हणतात, अक्षता पडल्या नाहीत तर मी लग्न मानणार नाही. — एक वरमाय, मानेवाडा

वरमायबाई, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांना समजावून गप्प बसवू नका, कारण त्यांची अडचण खरी आहे आणि ती सुटण्यासारखीही आहे.

आमच्या कार्यालयात पहिलं तेलुगू लग्न होतं तेव्हा मी स्वयंपाकघरात पाट्यावर जिरं आणि गूळ वाटताना पाहिलं आणि मला वाटलं, एखादं औषध करतायत. तो लगदा विड्याच्या पानावर घेऊन वर-वधू एकमेकांच्या डोक्यावर, अगदी टाळूवर दाबून धरतात. जीलकर्र-बेल्लम म्हणतात त्याला. जिरं कडवट, गूळ गोड, आणि एकदा एकजीव झाले की वेगळे काढता येत नाहीत, असा त्याचा अर्थ तिथल्या एका आजीबाईंनी मला सांगितला. आता मुख्य गोष्ट. हे होईपर्यंत दोघांच्या मध्ये पडदा धरलेला असतो. जिरं-गूळ डोक्यावर टेकतो त्याच क्षणी पडदा दूर होतो आणि दोघं एकमेकांना बघतात.

म्हणजे अंतरपाटच की! आपल्याकडेही घटका भरली की अंतरपाट उत्तरेकडे ओढतात, अक्षता पडतात आणि हार घातले जातात. दोन्ही घरांचा मुहूर्त एकाच गोष्टीचा आहे, पडदा दूर होण्याचा. त्यामुळे तुमचे गुरुजी आणि त्यांचे पंतुलु यांना लग्नाच्या आदल्या दिवशी एकत्र बसवा, फोनवर नको, समोरासमोर. मंगलाष्टकं 1 वाजून 25 मिनिटांनी सुरू करायची आणि शेवटचं 'सावधान' बरोबर 1.40 ला यायचं. त्याच वेळी जिरं-गूळ, त्याच वेळी पडदा, त्याच वेळी अक्षता. आमच्याकडे हे दोनदा झालं, दोन्ही वेळा मांडवात एक क्षण कुणीही बोललं नाही. मंगलाष्टकं म्हणायची हौस असलेल्या आत्या-मावश्यांना मात्र आधीच सांगून ठेवा की कडवी मोजून पाचच. एक जास्तीचं झालं तर पंतुलु थांबणार नाहीत, आणि थांबूही नये.

सासूबाईंना दुपारी झोपायला लावा आणि कार्यालयातच एक खोली त्यांच्यासाठी ठेवा. रात्री 1 वाजता उठवून थोडं दूध द्या. अक्षतांची पहिली मूठ त्यांच्या हातून पडू द्या. पाहुण्यांचं म्हणाल तर मध्यरात्री मोजकेच लोक येतील. बाकीच्यांना दुसऱ्या दिवशी जेवायला बोलवा. वडाभात आणि कढी सकाळी 11 ला जास्त चांगली लागते.

लग्न लागलं केव्हा, हे विचारलंत. आजी म्हणतील अक्षतांना, पंतुलु म्हणतील जिरं-गुळाला. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात लिहिलं आहे की जिथे सप्तपदी असते तिथे सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण होतो. सप्तपदी दोन्हीकडे आहे. तेव्हा तिघांचंही समाधान होतं.

आणखी काही गोष्टी आधीच कळलेल्या बऱ्या, नाहीतर मांडवात तुमच्याकडच्या बायका कुजबुजतील. मुहूर्ताच्या सुमाराला मुलीच्या अंगावर लाल किंवा पिवळ्या काठाची पांढरी साडी असेल. मधुपर्कम् म्हणतात तिला. ती मंगलच आहे, पांढरी पाहून दचकू नका. मुलीला तिचा मामा बांबूच्या टोपलीत बसवून मांडवात आणेल. मामाचा मान आपल्याकडेही तेवढाच. मंगळसूत्र हळदीच्या दोऱ्यात असेल आणि तीन गाठी मारतील. त्यात सोन्याच्या दोन गोल चकत्या असतात, पुस्तेलु, एक माहेरची आणि एक सासरची. आपल्या मंगळसूत्राच्या दोन वाट्यांविषयी आपली आजी काय सांगायची ते आठवा! काळी पोतही त्यांच्यात आहे, नल्लपूसलु. इतवारीतल्या सराफाकडे जाण्यापूर्वी विहिणबाईंशी बोला. दोन वेगळी मंगळसूत्रं करण्यापेक्षा त्यांची एक पुस्ते, तुमची एक वाटी असं एकच केलेलं मी पाहिलं आहे, आणि ती मुलगी आजही तेच घालते. गंमत असते ती तलंब्रालुची. हळदीच्या तांदळांनी भरलेले ताम्हण घेऊन दोघं एकमेकांच्या डोक्यावर ओंजळी रिकाम्या करतात. तेव्हा मुलाच्या मित्रांना पुढे बसवा.

(जिरं-गूळ केसात वाळला की दगडासारखा होतो. ओढू नका. कोमट पाण्यानं भिजवून सोडवा.)

जरीपटक्यात आमच्या शेजारी सिंधी कुटुंब आहे. त्यांच्या मुलाच्या लग्नात नातेवाइकांनी नवरदेवाचे कपडेच फाडले! आई घाबरून घरी आली. हे काय असतं? — इयत्ता नववीतली वाचक

बाळा, आईला सांग, ती रीत आहे. सांठ म्हणतात. नवरदेवाच्या डोक्यावर तेल घालतात, तो पायानं मातीचं भांडं फोडतो आणि मग घरचे लोक त्याच्या अंगावरचे जुने कपडे फाडतात. जुनं, वाईट, दृष्ट लागलेलं सगळं त्या कपड्यांबरोबर जावं म्हणून. कपडे मुद्दाम जुने घातलेले असतात. हे लोक 1947 ला घरदार सिंधमध्ये टाकून आले. रीती मात्र बरोबर आणल्या.

मला त्यांची मिठाची रीत सगळ्यात आवडते, तिला दातर म्हणतात. नवी सून सासरी आली की ओंजळीत मीठ घेऊन नवऱ्याच्या ओंजळीत घालते, तो तिच्या ओंजळीत परत घालतो, असं तीनदा, एक खडा न सांडता. मग सासू, सासरे, घरातले सगळे. मीठ जसं जेवणात विरघळतं तशी ती त्या घरात मिसळावी असं म्हणतात. मी मात्र पाहताना नेहमी त्या हातांकडे बघायची. इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. घरातल्या सगळ्यांनाही तिच्याकडून घेतलेलं तिला परत द्यावं लागतं.

मैत्रिणीच्या मुलीचा निकाह आहे. मेहेर म्हणजे हुंडाच ना? आणि आहेर काय न्यावा? — एक शिक्षिका, सदर

ताई, मेहेर हुंडा नाही, त्याच्या बरोबर उलट आहे. ती नवऱ्यानं बायकोला द्यायची रक्कम किंवा वस्तू असते आणि ती तिच्या एकटीच्या मालकीची असते. तिच्या वडिलांची नाही, सासऱ्यांची नाही. रक्कम निकाहनाम्यात लिहिली जाते. काही लगेच देतात, काही पुढे द्यायची ठेवतात. काझीसाहेब साक्षीदारांसमोर मुलीची संमती विचारतात, मुलगा 'कबूल' म्हणतो, दुआ होते. विधी लहान असतो. उशिरा पोहोचलात तर निघून जाईल, म्हणून वेळेवर जा. वलीमा मुलाकडचं जेवण आहे, त्यालाही बोलावलं असेल तर अवश्य जा. आहेर तुम्ही आपल्या भाचीला जो नेला असता तोच न्या.

मी बौद्ध आहे, तो कुणबी. आम्ही दोघं पुण्यात नोकरीला आहोत. दोन्ही घरं लग्नाला तयार आहेत, अडलंय ते विधीवर. त्याच्या आईला सप्तपदी हवी आहे. माझे बाबा म्हणतात, त्रिशरण-पंचशील आणि बाकी काही नाही. त्याचे काका म्हणतात, सकाळी हे करा, संध्याकाळी ते करा, बाबा उगाच अडून बसलेत. बाबांना कसं समजवू? — इंदोरा

बेटा, समजवायचंच असेल तर काकांना समजव.

आपल्या नागपुरात 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो लोकांना दिली. त्या वेळी 22 प्रतिज्ञा घेतल्या गेल्या. पहिलीच प्रतिज्ञा ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आहे. आठवी आहे ती ब्राह्मणाकरवी कोणताही क्रियाकर्म विधी न करवून घेण्याची. तुझ्या घरातलं कुणी त्या दिवशी दीक्षाभूमीवर होतं का, हे बाबांना एकदा निवांत बसून विचार. असेल तर ते काय सांगायचे, तेही विचार. पुरोहितानं होम मांडून करवलेली सप्तपदी ही काकांच्या लेखी संध्याकाळचा एक कार्यक्रम आहे. बाबांच्या लेखी तो घरानं दिलेला शब्द मोडणं आहे. दोन गोष्टी एका मापानं मोजता येत नाहीत.

आमच्या कार्यालयात पहिलं बौद्ध लग्न झालं तेव्हा मीसुद्धा सवयीनं दारात अक्षतांचं ताट ठेवलं होतं. मुलीच्या आजी आल्या, ताट पाहिलं, रागावल्या नाहीत. पिशवीतून पाकळ्या काढल्या आणि म्हणाल्या, आम्ही फुलं टाकतो. समोर तथागतांची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्त्या, दोघांच्या अंगावर पांढरे कपडे. त्रिशरण, पंचशील, दोघांनी एकमेकांना दिलेली वचनं, जयमंगल अष्टगाथा, हार आणि फुलं. 40 मिनिटांत लग्न लागलं. कुणाची कुंडली कुणी विचारली नव्हती. मुलाच्या बाजूचं कोण, मुलीच्या बाजूचं कोण, हे बसण्यावरून ओळखू येत नव्हतं. माझ्या कार्यालयात तोवर वरपक्षाच्या गाद्या वेगळ्या घातल्या जायच्या. त्या लग्नानंतर मी त्या घालणं बंद केलं.

कायद्याचं सांगते. हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि त्यात स्पष्ट आहे की दोघांपैकी कुणा एकाच्या रूढीप्रमाणे विधी झाला तरी विवाह होतो. दोन्ही करायची सक्ती नाही. म्हणजे तुमच्या पद्धतीचा एकच विधी पुरेसा आहे. किंवा 1954 च्या विशेष विवाह कायद्यानं नोंदणी करा. त्यासाठी 30 दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि तीन साक्षीदार लागतात. नोटीस त्या जिल्ह्यात द्यायची असते जिथे दोघांपैकी एक जण आधीचे किमान 30 दिवस राहिलेला आहे. तुम्ही दोघं पुण्यात राहता, हे लक्षात घेऊन तारखा आखा, नाहीतर ऐनवेळी धावपळ होईल.

आता त्याच्या आईचं. त्यांचं मन राखायचं आहे तर विधीतला तुकडा तोडून देऊ नका, त्यांचं त्यांना पूर्ण द्या. त्यांच्या दारात गृहप्रवेश त्यांच्या रीतीनं होऊ दे. धान्याचं माप ओलांड. सूनमुख होऊ दे. आरशात सासू आणि सून एकदम दिसतात, तो क्षण कोणत्याही धर्माचा नाही. गडगनेर, म्हणजे केळवण, त्यांच्या घरी घ्या आणि तुझ्या बाबांना पहिल्या पंगतीत बसवा. हळदीचं मात्र बाबांना आधी विचार. काही बौद्ध घरांत लावतात, काहींत नाही. त्याच्या आईशी हे सगळं तू नको, त्यानं बोलायचं. आपल्या आईशी आपणच बोलायचं असतं.

मुलगी लग्न होऊन सासरी जाते, हे सगळीकडे असंच असतं का? — बी.ए.चा विद्यार्थी, रामटेक

नाही. तुझ्या जवळचंच उदाहरण घे. ज्या बख्त बुलंद शहानं नागपूर वसवलं तो गोंड राजा होता. गोंड समाजात पठौनी नावाची पद्धत आहे. तिच्यात मुलीकडचे लोक मुलीला घेऊन वरात मुलाच्या घरी नेतात आणि लग्न तिथे लागतं. लमसेना म्हणजे लग्नाआधी मुलीच्या घरी राहून तिथल्या शेतीत राबणारा मुलगा. मेघालयातल्या खासी लोकांत नवरा बायकोच्या घरी राहायला जातो आणि वडिलोपार्जित घर धाकट्या मुलीकडे राहतं. रामटेकच्या पलीकडच्या गोंड गावांत म्हातारी माणसं हे पाहिलेली भेटतील. वही घेऊन जा, पण आधी नुसता बसून ऐक.

माझ्या मुलीचं लग्न फेब्रुवारीत आहे. यजमान जाऊन 6 वर्षं झाली. कन्यादान दीर-जाऊ करणार असं ठरलं, मला कुणी विचारलं नाही. हळद लावायलाही पुढे होऊ नको, असं नणंदेनं सांगितलं. मुलगी म्हणते, आई तूच बस. मी बसले आणि पुढे तिचं काही कमी-जास्त झालं तर? — एक आई, नंदनवन

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं.

माझं लग्न 1979 सालचं. माझे वडील त्याआधी 9 वर्षं गेले होते. रुखवतातलं सगळं आईनं केलं, शेवया, कुरडया, गव्हले, सरगुंडे. सरगुंड्यांसाठी ती दुपारभर काडीवर कणीक गुंडाळत बसायची, बोटांना पीळ पडायचे. लग्नाच्या दिवशी काका-काकूंनी कन्यादान केलं. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा आईला कोठीत बसवलं होतं, कारण तिची सावली पडायला नको. अंतरपाट दूर झाला. सगळ्या मुली वराकडे बघतात. मी मान वळवून कोठीचं दार शोधत होते. दाराला फट होती आणि त्या फटीत तिचा एक डोळा होता. माझ्या लग्नातला मला आठवणारा चेहरा तो आहे, अर्धा.

तुम्ही विचारलंत, काही कमी-जास्त झालं तर? माझी आई दूर राहिली. सांगितलेलं सगळं तिनं पाळलं. हळदीला हात लावला नाही, अक्षता टाकल्या नाहीत. आणि तरीही माझे यजमान 2011 ला गेले. तिच्या दूर राहण्यानं त्यांचं आयुष्य एका दिवसानं वाढलं नाही. मग तुमच्या जवळ बसण्यानं जावयाचं आयुष्य कमी कसं होईल? ही भीती तुमची नाही. ती तुमच्या हातात कुणीतरी दिली आहे. परत करा.

2011 नंतर मी महिनाभरात कार्यालयाच्या दारातल्या खुर्चीवर परत बसले. एका वरपक्षानं हरकत घेतली, येताना समोर ही बाई नको म्हणाले. माझ्या मुलानं त्यांचे पैसे परत केले. त्यानंतर 6 वर्षं मी त्या दारात होते, शेकडो वराती माझ्यासमोरून आत गेल्या. 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं ग्रामसभेत ठराव करून विधवांवरच्या या रीती बंद केल्या आणि मग राज्य सरकारनं बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं. तेव्हा वर्तमानपत्र घेऊन मी आईच्या फोटोसमोर बसले होते. तिला वाचून दाखवलं.

बंगाली लग्नात मुलाची आई लग्न बघायलाच जात नाही, सवाष्ण असली तरी. आमच्याकडे लग्न झालेल्या एका बंगाली रेल्वे कुटुंबात ही रीत होती. ती आई दोन गल्ल्या पलीकडे घरी बसून होती. मी विचारलं तर म्हणाली, माझी नजर लागेल म्हणतात. आईची नजर! पुढच्या मुलाच्या लग्नात मात्र ती आली, शंखही तिनंच फुंकला.

आता काय करायचं ते. गुरुजींशी तुम्ही स्वतः बोला, दिरांमार्फत नको. 'मी एकटी कन्यादानाला बसणार आहे,' एवढंच सांगा, परवानगी मागू नका. हे करणारे गुरुजी नागपुरात आहेत. एकानं नाही म्हटलं तर दुसरे पाहा. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीनं स्त्रियांनाही पौरोहित्य शिकवलं आहे, आता बायका लग्नं लावतात. कन्यादान मुळात कायद्याला लागत नाही. मुलीला 'दान' हा शब्दच नको असेल तर तो भाग वगळूनही लग्न लागतं. 1873 मध्ये जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला, तेव्हापासून महाराष्ट्रात वधू-वर एकमेकांना वचन देऊन लग्न करत आले आहेत. पण तुमच्या मुलीला तुम्ही जवळ हव्या आहात, असं मला पत्रावरून वाटतं. तर बसाच. तिच्या हातावरची पाण्याची धार तुमच्या हातून पडू दे. आदल्या दिवशी पहिली हळदही तुम्हीच लावा. नणंदबाई बोलल्या तर मुलीनं उत्तर द्यावं, तुम्ही नको.

दीर-जावांना दुखवू नका. 6 वर्षं त्यांनी काही ना काही केलं असेल. सीमांतपूजन त्यांच्याकडे द्या, वरपक्षाचं स्वागत त्यांनी करावं. पत्रिकेवर त्यांची नावं राहू द्या, पण निमंत्रक म्हणून पहिलं नाव तुमचं. छपाईला देण्यापूर्वी स्वतः तपासा.

पहिली पत्रिका टेकडीच्या गणपतीला ठेवाल, दुसरी मला पाठवा. रुखवतात सरगुंडे नसतील तर कळवा, मी करून आणते. अजून हात चालतात माझे.